कापसाचा हिशेब आणि आपला गणवेश

गेल्या पावसाळ्यातील पालक-सभेत एक साधा प्रश्न आला आणि त्यावर तासभर चर्चा झाली. वसतिगृहातील मुलांचे सुती गणवेश आषाढ-श्रावणात चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा पॉलिएस्टरमिश्रित कापड का घेऊ नये? महाड-पोलादपूरचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला हा प्रश्न पोकळ वाटणार नाही. त्यावर दहावीच्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, पण कोणत्या कापडाने हवा जास्त बिघडते?" मी इतिहासाचा शिक्षक. मला उत्तर देता आले नाही. नंतर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन मुलांनी जो हिशेब मांडला, त्यावरून माझे जे मत बनले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

आपल्याकडे भात, नाचणी, वरी पिकते, कापूस नाही. आपला कापसाशी संबंध आला तो गिरणीतून. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत राबले. कापूस पिकतो विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, आणि तोही बहुतांश पावसाच्या भरवशावर. म्हणून हिशेबाची सुरुवात तेथूनच करावी लागते.

कापसाच्या शेतातून हवेत जाणारा सर्वांत जड वायू दिसत नाही. पिकाला दिलेल्या नत्राचा थोडा भाग जमिनीतील जीवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. हेक्टरी १०० किलो नत्र दिले आणि त्यातील शेकडा १ भाग असा उडाला, असे साधे गृहीत धरले, तर केवळ एवढ्यानेच सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार होतो. युरिया बनवताना जळणारा नैसर्गिक वायू, ट्रॅक्टरचे डिझेल आणि जिनिंगची वीज यांचा हिशेब वेगळाच.

आता ही बेरीज कशाने भागायची? हेक्टरी ३०० किलो रुई निघाली आणि सगळा भार रुईवर टाकला, तर किलोमागे १.४ किलो येतात. पाऊस ऐन बोंडे भरताना दडी मारून बसला, किंवा २०१७ साली विदर्भात झाले तसे गुलाबी बोंडअळीने पीक खाल्ले आणि १५० किलोच रुई हाती आली, तर तोच आकडा २.९ वर जातो. शेतकऱ्याने एक मूठही खत जास्त टाकलेले नाही. त्याचे नुकसान झाले, आणि कागदावर तोच अधिक प्रदूषण करणारा ठरला. ऑस्ट्रेलियातील सिंचित शेतात हेक्टरी उत्पादन कित्येक पटींनी अधिक असते, त्यामुळे तेथील आकडा देखणा दिसू शकतो. दर किलोचे माप चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारी दर हेक्टरचे माप नसेल, तर कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय होतो. युरोपीय संघाने २०२४ साली वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची तरतूद असलेला कायदा केला आणि त्यात कपड्यांना अग्रक्रम दिला. हे माप उद्या यवतमाळच्या बांधावर पोहोचणार आहे.

भार कोणाच्या खात्यावर टाकायचा, हाही निर्णयच असतो. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. वजनाने वाटणी केली तर दोन-तृतीयांश भार सरकीवर, म्हणजे तेल आणि पेंडीवर जातो. किमतीने केली तर बहुतेक भार रुईवर येतो. शेत तेच, आकडे दोन. ऐतिहासिक कागद वाचताना आम्ही आधी विचारतो की हा कोणी आणि कशासाठी लिहिला. तोच प्रश्न येथेही विचारावा.

या हिशेबातील एक शून्य मला फार सलले. हाताने वेचणी करणाऱ्या बाईच्या श्रमाला कार्बनच्या तक्त्यात जवळजवळ काहीच किंमत पडत नाही, कारण तिच्या हाताला डिझेल लागत नाही. आकड्याच्या दृष्टीने हे उत्तमच. पण ती किलोवर मजुरी घेते, उन्हात वाकते, आणि तक्त्यात ती नसतेच. मुंबईच्या गिरण्यांतही एक असेच न मोजलेले होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांचे तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. त्या कापडाच्या गाठीवर वजन, लांबी, भाव सारे लिहिलेले असे. जात लिहिलेली नसे, पण ती प्रत्येक वारात होती.

आता आपल्या गणवेशाकडे येतो. मुलांनी दोन जोड तराजूवर टाकले. दोन्हींचे मिळून सुमारे १२०० ग्रॅम भरले. सूत कातताना होणारी घट धरून १४०० ग्रॅम रुई लागली, असे मानले. किलोमागे २ किलो भार धरला, तर शेताचा वाटा २.८ किलो. मग त्यांनी इस्त्री मोजली. १००० वॅटची इस्त्री रोज सहा मिनिटे, त्यातही ती आपोआप बंद राहते ती निम्मी वेळ वजा केली. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शाळेच्या २०० दिवसांचे झाले ७ किलो. म्हणजे वर्षभराची इस्त्री ही दोन्ही जोडांच्या शेतापेक्षा अडीच पट भारी! सूतगिरणी आणि रंगाईचा भार आम्हांला घरबसल्या मोजता आला नाही, आणि तो लहान नसतो. लीवाय स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली आपल्या एका जीन्सचा जन्मापासून अखेरपर्यंतचा भार ३३.४ किलो सांगितला होता. त्यात कापसाचा वाटा २.९, कापड तयार करण्याचा ९ आणि ग्राहकाच्या धुण्या-वाळवण्याचा १२.५ किलो. (नदीत काय सोडले जाते, हे मात्र कार्बनचा आकडा सांगत नाही. सावित्रीकाठी राहणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.)

हिशेब पाहून एक शिक्षक सहज म्हणाले, "मग इस्त्रीच बंद करू." तेथे मी थबकलो. चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडात जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना वेषाबद्दल सांगितले. कपड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण तो स्वच्छ असावा, असा त्याचा आशय होता. ज्यांच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा येण्यास पिढ्या गेल्या, त्यांच्या मुलांना पृथ्वीच्या नावाने चुरगळलेले घालायला सांगणे मला जमणार नाही. काटकसरीचा उपदेश नेहमी खालच्या पायरीलाच आधी का केला जातो? वातानुकूलित मोटारीतून येणाऱ्याच्या सदऱ्याची इस्त्री कोणी मोजत नाही.

तरीही मोजणे सोडू नये. आपल्या परंपरेत वस्त्राचा हिशेब फार जुना आहे. चुल्लवग्गात कथा आहे. राजा उदेनच्या राण्यांनी आनंदांना ५०० चीवरे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावरची आवरणे. जुन्या आवरणांचे? गाद्यांच्या खोळी. पुढे जमिनीवरची बैठक, पायपुसणे, धूळ झटकण्याचे फडके, आणि अखेरीस चिंध्या करून चिखलात कालवून लिंपण. राजाचे समाधान झाले. हे दान घेणाऱ्याने दिलेले उत्तर आहे, लादलेल्या दारिद्र्याचे नव्हे. उकिरड्यावरचे पांसुकूल भिक्षू स्वेच्छेने उचलतो. मनूच्या चांडाळाला ती निवड नव्हती.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर मदतीच्या ट्रकांतून महाडात आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. त्यातले कित्येक नेसण्याजोगे नव्हते, आणि चिखलात मिसळून ते पुन्हा कचराच झाले. देणाऱ्याला दान वाटले. घेणाऱ्याने ते नाइलाजाने वाहून टाकले.

माझे मत असे आहे. गणवेश सुती ठेवावा, पण विणीने घट्ट आणि दोन वर्षे टिकेल असा, शिवणीत वाढीची माया सोडलेला. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी लवकर वाळणारा एक मिश्र कापडाचा जोड द्यावा. त्यात पाप नाही. इस्त्री सोमवारी आणि कार्यक्रमाच्या दिवशी, शिक्षकांसह सर्वांसाठी सारखी. पडवीच्या पश्चिमेला पत्र्याची वाळवण-शेड आणि एक शिलाई यंत्र यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, ही माझी विनंती. रफू मुले-मुली दोघेही शिकतील. लहान झालेला जोड धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून पुढच्या मुलाला द्यावा, आणि नको म्हणण्याचा हक्क त्या मुलाला असावा.

मुलांची हिशेबाची वही ग्रंथालयात ठेवली आहे. सूतगिरणीत किंवा रंगाई कारखान्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी येताना ती पाहावी. तिची चार पाने कोरी सोडली आहेत.