तितराची बोली

अमेरिकेच्या रानांत टर्की नावाचा एक भलामोठा पक्षी आढळतो. त्याला साद घालण्यासाठी तेथील शिकारी एक चिमुकला कर्णा बाळगतात. हा कर्णा फुंकायचा नसतो. ओठांशी धरून श्वास आत ओढायचा असतो. ओठांचा आवाज नळीतून असा निघाला पाहिजे, की नराला मादीच बोलावते आहे असे वाटावे. ते साधायला हंगामच्या हंगाम जातात. तेथे या विद्येच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे मिळतात.

आता आपल्या जालना जिल्ह्यात या. येथल्या फासेपारध्याजवळ कर्णा नसतो. ओठ, जीभ आणि घसा एवढ्या भांडवलावर तो ‘पतीला, पतीला’ अशी साद घालतो, आणि माळावरचा तितर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून झुंजायला धावत येतो. पोराने ही बोली बापाच्या मागे माळ तुडवत उचललेली असते. ह्या कलावंताला आपण काय म्हणतो? चोर!

१८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला. १९५२ साली स्वतंत्र भारताने तो मोडीत काढला. परंतु वाचकहो, गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जातो, तो आजही जातोच ना?

कुणी म्हणेल, “अहो, पण ते पाखरे मारतात!” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले, फासा पुन्हा मांडावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण माळ नांगरले कुणी? बांध कोरून त्यांवरची झुडपे तोडली कुणी? कपाशीवर विषाचे फवारे मारले कुणी? तितराचे घर मोडणारे हात पारध्याचे नव्हेत. आणि मोबाइलमध्ये पाखराचा आवाज भरून, तो झुडपाशी वाजवून, जोडीच्या दिवसांत नराला फसवून छायाचित्रे काढणारे शहरी हौशी? त्यांच्या त्या फसवणुकीला मात्र छंद म्हणायचे!

अमेरिकेत १९३७ सालच्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावला, आणि जवळजवळ नामशेष होत चाललेला टर्की आज पुन्हा लाखांनी हिंडतो. शिकारीच्या नादाचा पैसा तेथे पाखराच्या रक्षणाला लागला. आपण येथे काय केले? फासा काढून घेतला, तो बरा. पण त्याच्या बदली हातात काही दिले नाही, आणि शिक्का तेवढा कायम ठेवला.

वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली (निधन २०२५) रानात राहणाऱ्यांपाशी बसले, त्यांच्याकडून पाखरांची नावे आणि सवयी त्यांनी टिपून घेतल्या. एका साहित्यिकाला जे सुचले, ते सरकारला सुचू नये? पहाटेच्या सादेवरून माळावर नर किती, हे मोजता येते. मग वनखात्याच्या पक्षिगणनेत पारध्याला रोजंदारीचा मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून पगारावर घ्या. शाळेत त्याला पाहुणा म्हणून बोलवा, त्याला मानधन द्या, मुलांना तितराची बोली ओळखायला शिकवू द्या.

पालावरची पोरे आता विटांच्या भट्टीवर आणि उसाच्या फडात पांगत आहेत. आजची म्हातारी माणसे गेली, की ही विद्या त्यांच्याबरोबरच जाईल. मग कागदावरच्या तितराचे चित्र दाखवून आपण नातवंडांना सांगणार, “हा बरं का, असा ओरडायचा.” कसा ओरडायचा, ते मात्र आपल्यापैकी एकालाही ओरडून दाखवता येणार नाही.