नांवाचा दोष, गुणाचा नव्हे

गेल्या हिवाळ्यांत यवत येथील आमच्या एका वर्गबंधूच्या घरीं लहानसा वाद झाला. आजींच्या टाचांस भेगा पडल्या होत्या, म्हणून नातवानें मलम आणलें. डबीवरील घटक वाचतांना ‘सेटिल अल्कोहोल’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले मात्र, आजींनीं डबी दूर सारली. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम ज्या गांवीं पडतो, तेथील माळकरी बाईनें मद्याचा स्पर्श कां सोसावा? आजींचा निग्रह आदरणीयच आहे. फसविलें तें नांवानें, असें आमचें मत आहे.

अल्कोहोल हा शब्द मूळचा अरबी. त्याचा जुना अर्थ डोळ्यांत घालावयाचा सुरमा. रसायनशास्त्रांत हें एका पदार्थाचें नव्हे, तर मोठ्या कुळाचें नांव होय. मद्यांतील इथिल अल्कोहोलांत कार्बनचे २ अणु असतात. तें पातळ असून हवेंत उडून जातें व त्वचा कोरडी करतें. सेटिल अल्कोहोलांत १६, तर स्टिअरिल अल्कोहोलांत १८ अणूंची सांखळी असते. हे पदार्थ मेणासारखे घट्ट व पांढरे असून पाण्यांत विरघळत नाहींत; त्यांनीं नशाही येत नाहीं. त्वचेच्या सुटलेल्या पापुद्र्यांमधील फटी ते भरून काढतात, आंतील ओलावा राखतात, आणि मलमांतील तेल व पाणी एकत्र ठेवण्यास साह्य करतात. क्वचित् एखाद्यास त्यांनीं पुरळ उठतें. म्हणून प्रथम थोड्या जागीं लावून पाहावें.

शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें १८१७ सालीं देवमाशाच्या डोक्यांतील मेणापासून सेटिल अल्कोहोल मिळविलें. ‘सेटिल’ हें नांवही देवमाशाच्या लॅटिन नांवावरूनच पडलें. आज तें बहुधा पाम तेल व खोबरेल यांपासून काढतात. परंतु प्राण्यांच्या चरबीपासूनही तें काढतां येतें.

नातवानें हें सर्व सांगतांच आजींनीं विचारलें, “मग ह्या डबींतलें कशाचें रे?” प्रश्न अगदीं रास्त होता, उत्तर मात्र डबीवर छापलेलें नव्हतें! पदार्थाचें मूळ काय, हें कारखानदारांनीं सोप्या मराठींत छापावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. विद्यार्थिबंधुभगिनींनींही वडीलधाऱ्यांच्या शंकेस हसूं नये. शाळेंत शिकलेलें रसायन घरांतील माणसांस समजावून देतां आलें नाहीं, तर त्या गुणांचा उपयोग काय?

उत्तर मिळेपर्यंत आजींनीं खोबरेलच लावलें. त्यानेंही टाचा मऊ झाल्या, हें येथें प्रांजळपणें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.