घरातला व्यवसाय आणि हिशेबाबाहेरचे श्रम

केंद्र सरकारच्या चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेमुळे घरी राहून उपजीविका करणाऱ्यांच्या प्रश्नाकडे नव्याने पाहणे भाग पडले आहे. मार्च 2020 मधील टाळेबंदीनंतर ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. परंतु त्यातून डोळ्यांसमोर येतो तो पगारदार नोकर. त्याची कामाची जागा तेवढी बदलली. ज्यांचे घर हेच कार्यालय, कारखाना आणि दुकान आहे, त्यांची स्थिती निराळी आहे. काम मिळवणे, ते पूर्ण करणे, पैसे वसूल करणे आणि आजारपणाची तजवीज करणे या चारही जबाबदाऱ्या त्यांच्याच शिरावर असतात.

2023-24 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारित होते; स्त्रियांमध्ये हे प्रमाण 67.4 टक्के होते. या आकड्यांत शेतकरी, दुकानदार आणि फेरीवाले येतात, तसेच घरच्या व्यवसायात मोबदल्याविना राबणारेही येतात. त्यामुळे स्वयंरोजगार वाढला म्हणजे उद्यमशीलता वाढली, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. नोकरी मिळत नाही म्हणून पत्करलेला स्वयंरोजगारही त्यातच मोजला जातो.

लिज्जतचा धडा

घरातून चालणाऱ्या उद्योगाचे यशस्वी उदाहरण म्हणून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचे नाव नेहमी घेतले जाते. 1959 मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन हा उद्योग आरंभिला. या कार्यपद्धतीचे मर्म मात्र अनेकदा नजरेतून निसटते. भगिनी केंद्रातून मळलेले पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड केंद्रात जमा करतात. कच्च्या मालाची खरेदी, दर्जाची तपासणी आणि विक्री ही कामे संस्था करते. म्हणजे घर हे केवळ श्रमाचे ठिकाण आहे. बाजाराची जोखीम सर्वांमध्ये विभागलेली आहे. एकट्याने पापड, मसाले वा फराळ विकणाऱ्या गृहिणीला हा आधार नसतो.

नवी संहिता घरी काम करणाऱ्यांत दोन वर्ग मानते. मालकासाठी मोबदल्यावर घरी वस्तू किंवा सेवा तयार करणारा तो गृहाधारित कामगार. कोणाच्याही नोकरीत नसलेला तो स्वयंरोजगारित. कागदावर ही रेषा स्पष्ट दिसते, व्यवहारात ती पुसट होते. स्वतःच्या शिलाई यंत्रावर, स्वतःची वीज जाळून एकाच व्यापाऱ्यासाठी कपडे शिवणारी स्त्री स्वतंत्र व्यावसायिक म्हणवली जाते. दर मात्र व्यापारी ठरवतो. एकाच कंपनीचे काम करणारा अनुवादक किंवा संगणक आरेखकही याच स्थितीत असतो. एकाच ग्राहकावर विसंबलेला व्यवसाय म्हणजे रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांवाचूनची नोकरीच होय.

नफा की मजुरी?

घरगुती व्यवसायाचे गणित फसते ते बहुधा खर्चाच्या मोजणीत. उदाहरणादाखल, डबे पुरवणाऱ्या एका कुटुंबाची महिन्याची जमा 40 हजार रुपये आणि किराणा, गॅस, वाहतूक यांचा खर्च 24 हजार रुपये आहे असे मानू. उरलेले 16 हजार ‘नफा’ समजले जातात. एका व्यक्तीने रोज सहा तासांप्रमाणे 26 दिवस काम केले, तर तासाला सुमारे 103 रुपये पडतात. सासूबाई भाज्या चिरत असतील आणि मुलगा डबे पोहोचवत असेल, तर हीच रक्कम तिघांच्या तासांत वाटावी लागेल. जागेचे भाडे आणि भांड्यांची झीज अद्याप धरलेलीच नाही. जो व्यवसाय घरच्यांच्या बिनमोली श्रमांवर तगतो, तो मागणी वाढल्यावर बाहेरचा मदतनीस ठेवू शकत नाही. म्हणून दर ठरवतानाच प्रत्येकाच्या श्रमाचे मूल्य धरणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण थकबाकीची. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. या हक्कासाठी ‘उद्यम’ नोंदणी महत्त्वाची असून ती निःशुल्क आहे. तरीही ग्राहक तुटेल या भीतीने तक्रार क्वचितच होते. लेखी कार्यादेश, अंशतः आगाऊ रक्कम आणि एकाहून अधिक ग्राहक हीच खरी ढाल ठरते.

सुरक्षेतील पोकळी

ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर 30 कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत 18 ते 40 वयोगटातील, महिना 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना वर्गणी भरून साठीनंतर महिना तीन हजार रुपये निवृत्तिवेतनाची सोय आहे. परंतु प्राप्तिकर भरणारा या योजनेत बसत नाही, आणि स्वतंत्र व्यावसायिकाच्या वतीने भविष्यनिर्वाह निधीत भर घालणारा मालकही नसतो. मधल्या उत्पन्नगटातील असा व्यावसायिक कर भरतो, पण आजारपणात त्याचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक यांची तरतूद त्याने आपल्या दरातच केली पाहिजे. तसे न केल्यास तो स्वस्त ठरतो, पण त्या स्वस्ताईची किंमत पुढे कुटुंब मोजते.

वेळेचे नियोजन आणि स्वतंत्र खोली यांचा उपदेश घरून काम करणाऱ्यांना पुष्कळ होतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग मर्यादित आहे. बचत गट, सहकारी संस्था यांच्या माध्यमातून सामायिक जागा, एकत्रित खरेदी व विक्री यांची सोय झाली, तर लिज्जतने दाखवलेला मार्ग इतर व्यवसायांनाही खुला होईल. संहितेत व्याख्या झाल्या आहेत. त्या व्याख्यांच्या मागे निधी आणि अंमलबजावणी उभी राहते का, यावरच घरातल्या उद्योगाचे भवितव्य अवलंबून राहील.