मी इंजिनिअर आहे, पण घराच्या नकाशावर माझी सही चालत नाही

धुळ्याच्या मामांनी घर बांधायला काढलं आणि मला फोन आला, "तू इंजिनिअर शे ना? मंग नकाशावर तूच कर सही!" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हसलो. पण सिव्हिलची पदवी असती, तर सही चालली असती का? नुसत्या पदवीवर नाही.

लायसन्स कोण देतं?

डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल आहे, वकिलांसाठी बार कौन्सिल आणि आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा. इंजिनिअरसाठी असा देशव्यापी कायदा भारतात नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्याने तो 1907 मध्येच केला होता. आपल्याकडे नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरला महापालिका किंवा नगरपालिका लायसन्स देते. त्याची पात्रता आणि जबाबदारी यूडीसीपीआर या नियमावलीत लिहिलेली आहे. डिसेंबर 2020 मध्ये आलेली ही नियमावली मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर लागू आहे. जळगाव आणि धुळे महापालिकाही त्यात येतात.

घर लहान, सही मोठी

या नियमावलीत छोट्या प्लॉटसाठी मोठी सवलत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, अटी पाळून, नकाशा सादर करायचा आणि शुल्क भरायचं. मिळालेली पोच हीच परवानगी. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. चकरा वाचतात, हे चांगलंच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की छोट्या घराचा नकाशा कामाआधी ऑफिसात कोणी बारकाईने तपासेलच असं नाही. सगळा भार त्या एका सहीवर येतो.

मग ऑनलाइन सिस्टीम काय करते? सॉफ्टवेअर कॅडचा नकाशा वाचतं, एफएसआय मोजतं, साइड मार्जिन तपासतं. माझा धंदाच हा, म्हणून सांगतो: सॉफ्टवेअरला फक्त फाइल दिसते. कॉलममध्ये सळई किती टाकली, स्लॅबला पाणी किती दिवस मारलं, हे त्याला कळत नाही. ते बघायला माणूसच साइटवर यावा लागतो. म्हणून सही एकाची आणि काम दुसऱ्याचं, असा प्रकार असेल तर वडिलांच्या फंडाचे पैसे धोक्यात आहेत असं समजा.

घरच्यांसाठी एवढं करा

- सही करणाऱ्याचा लायसन्स नंबर आणि मुदत विचारा. महापालिकेच्या नगररचना विभागात खात्री करून घ्या.
- देखरेख कोण करणार, हे लेखी घ्या. स्लॅबच्या आधी तोच माणूस साइटवर हवा.
- नकाशा, पोच आणि शुल्काची पावती पीडीएफ करून ठेवा.
- काम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला त्याच्याकडूनच घ्या आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळवा.

मामांना मी लायसन्सवाला इंजिनिअर शोधून दिला. त्याची फी ऐकून मामा कुरकुरले. मी म्हटलं, "मामा, टाइल्स थोड्या स्वस्तातल्या घ्या, पण इथे काटकसर नको."