चार दिवसांचे भाडेकरू

सुटीचे दिवस जवळ आले की आपल्या सभासदांच्या घरी दोनच विषय निघतात, रेल्वेचे आरक्षण आणि मुक्काम. कुलदैवत गोव्यात असलेली आपली कितीतरी कुटुंबे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याहून मंगेशी, कवळे, म्हार्दोळला जातात. पूर्वी देवस्थानच्या अग्रशाळेत उतरायचे, हीच रीत होती. आता बरोबर वयस्कर माणसे असतात, कोणाला पथ्य असते, कोणाला जिना चढवत नाही. चार दिवसांसाठी फ्लॅट घेतला की स्वयंपाकघर मिळते, तीन पिढ्या एकत्र राहतात आणि हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा बहुधा स्वस्तही पडते. यात गैर काही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की भाडे आणि फोटो पाहून घर ठरवणे पुरेसे नाही.

आपण ज्या फ्लॅटमध्ये चार दिवस उतरतो, त्याच्या भिंतीपलीकडे कोणीतरी बारा महिने राहत असते. पर्यटक आठवड्याला जे भाडे देतो, ते स्थानिक कुटुंबाला कित्येकदा महिन्यालाही परवडत नाही. मग मालक कायमचा भाडेकरू ठेवीलच कशाला? बार्सिलोना शहरात हा प्रश्न इतका चिघळला, की तिथल्या महापौरांनी जून २०२४ मध्ये १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. दहा वर्षांत शहरातील भाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी दिले. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर द्यायचे तर यजमानाची नोंदणी लागते, त्याने स्वतः त्याच घरात राहावे लागते आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. गोव्याच्या किनाऱ्यावरही वर्षाच्या करारावर घर शोधणारा शिक्षक किंवा दुकानातला नोकर याच पेचात असतो.

आपण पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेली माणसे. शेजाऱ्यांच्या सद्भावनेवरच आपले गणेशोत्सव आणि आपल्या शाळा उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या गावात कसे वागावे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून घर ठरवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, नोंदणी आहे का? गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंद करायची असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला? चोख मालक तो लगेच देतो. टाळाटाळ झाली तर दुसरे घर पाहावे.

दुसरा, सोसायटीला ठाऊक आहे का? "कोणी विचारले तर नातेवाईक आहोत म्हणून सांगा," असे मालक म्हणाला तर तिथे जाऊच नये. चार दिवसांच्या मुक्कामासाठी घरातल्या लहानथोरांना खोटे बोलायला लावण्यात कसली बचत? शिवाय पाण्याची वेळ, लिफ्ट, गाडीची जागा, रात्रीचा आवाज यांचे नियम आधीच विचारून घ्यावेत आणि पाळावेत.

तिसरा प्रश्न पैशांचा. बँकेच्या खिडकीवर सुटीच्या हंगामात हीच कहाणी पुन्हा पुन्हा ऐकू येते. फोटो सुंदर, भाडे निम्मे, "आत्ताच आगाऊ भरा, नाहीतर दुसरा घेईल," आणि पैसे गेल्यावर फोन बंद. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते मालकाच्या नावाशी जुळते का, हे पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "परतावा देतो, पिन टाका," असे कोणी म्हणाले की तो ठकच समजावा. फसगत झालीच, तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तत्काळ कळवावे. पहिले काही तास हातचे गेले की पैसे परत मिळणे कठीण होते.

आता रोखीबद्दल. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या मुक्कामावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे. चार हजारांचा फ्लॅट चार दिवस घेतला, तर सोळा हजारांवर आठशे रुपये. "रोख द्या, बिल नको," या बोलीत वाचतात ते एवढेच, आणि पावती नसल्याने तक्रारीचा आधार मात्र जातो. लहान मालकाची जीएसटी नोंदणी नसेलही, कारण ठरावीक उलाढालीखाली ती लागत नाही. पण सहीची साधी पावती द्यायला त्यालाही अडचण नसावी.

दुसरी बाजूही आपलीच आहे. मुले पुण्या-बंगळूरला गेली आणि इथला फ्लॅट कुलूपबंद, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. तो पर्यटकांना देण्याचा मोह होणारच. ज्यांना द्यायचा असेल त्यांनी जरूर द्यावा, पण नोंद करून, सोसायटीला लेखी कळवून आणि मिळकत विवरणपत्रात दाखवून. पाहुणे म्हणून जे प्रश्न आपण विचारतो, त्यांची उत्तरे मालक म्हणूनही आपल्यापाशी हवीत.

कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. सभासदांनी अनुभव घेतलेल्या नोंदणीकृत घरांची एक वही कार्यालयात ठेवावी. आणि गोव्याच्या पर्यटन खात्याला पत्र लिहून नोंदणीकृत घरांची गाववार यादी कोकणीबरोबर मराठीतही मागावी. तिथल्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा आहे. तेव्हा ही मागणी कोणाच्या विरोधात नाही. आपल्या आजी-आजोबांना यादी वाचून स्वतः घर निवडता यावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

देवदर्शनाला निघालेल्या माणसाने वाटेत कोणाची गैरसोय करू नये, हे घराघरांत सांगितले जाते. मुक्कामाच्या घरालाही तोच नियम लावावा, ही सभासदांना आमची विनंती आहे.