मार्गदर्शक सोबत आहे, पण पुरेसे दिवस आहेत का?

राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झाले की हिमालयाचे वेध लागतात, हा क्रम महाराष्ट्रातील गिरिप्रेमींच्या परिचयाचा आहे. आता शिखर-मोहिमाही सहलीप्रमाणे आरक्षित करता येतात. मनालीजवळचे सुमारे ५,२८९ मीटर उंचीचे फ्रेंडशिप शिखर 'नवशिक्यांसाठी' म्हणून दाखवले जाते आणि साधारण आठवडाभरात परत आणण्याचे आश्वासन मिळते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतील केवळ प्राथमिक अभ्यासक्रमाला मात्र सुमारे चार आठवडे लागतात. मधली तफावत मार्गदर्शकाने भरून काढावी, अशी ग्राहकाची अपेक्षा असते.

पाठीवर वजन घेऊन सिंहगडाच्या फेऱ्या मारणे आवश्यकच आहे. परंतु कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. पाच हजार मीटरच्या वर मात्र श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. किंबहुना तंदुरुस्त माणूसच भराभर चढून उंचीचा त्रास ओढवून घेतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढाई थांबवावी, असा वैद्यकीय संकेत आहे. तो पाळायचा तर रजा वाढवावी लागते. ती मिळत नाही, म्हणून डोकेदुखी आणि मळमळ लपवून पुढे जाणारे कमी नसतात. अशा वेळी मार्गदर्शकाला कळणार तरी कसे?

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर हिमवादळात सापडून कर्नाटकातील नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबतही स्थानिक मार्गदर्शक होते. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच काही गोष्टी विचारून घेणे इष्ट. खराब हवामानासाठी राखीव दिवस आहेत का? एका मार्गदर्शकामागे किती जण? शिखर-चढाईच्या दिवशी किती वाजता, कोणाच्या शब्दावर मागे फिरायचे? बुटांना क्रॅम्पॉन लावून चालण्याचा आणि घसरल्यावर आइस-अ‍ॅक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव चढाईपूर्वी बर्फावर होणार, की दिवाणखान्यातील चित्रफितीवरच भागवले जाणार? भाड्याचे बूट तर शक्यतो पायथ्याच्या गावातच, जाड मोजे घालून, चालून पाहावेत. आणि विम्याची अक्षरे बारीक असली तरी वाचावीत. अनेक साध्या प्रवास-विम्यांतून दोर वापरून केलेले गिर्यारोहण वगळलेले असते.