विश्लेषण : डाळिंब काढलेल्या रानात अंजीर जगेल का?

बागलाण तालुक्यातील नामपूर आणि मोसम खोरे हा डाळिंबाचा पट्टा. तेल्या आणि मर रोगामुळे येथे अनेकांना बागा तोडाव्या लागल्या. त्या रानात अंजीर चालेल का, हा प्रश्न त्यामुळे रास्तच आहे.

अंजीर उन्हाला टिकते का?

झाड टिकते, रोप सहज टिकत नाही. पश्चिम आशियातून आलेल्या या झाडाला कोरडी हवा, चुनखडीची जमीन चालते. पण पहिल्या उन्हाळ्यात रोपाच्या मुळ्या वरच्या थरातच असतात आणि शेजारच्या मालेगावात पारा ४२ अंशांपुढे जातो. पानांची सावली नसलेल्या कोवळ्या खोडाची साल नैऋत्येकडून भाजते, तडकते. मग त्यातून कीड शिरते.

उपाय खर्चिक नाहीत. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळ्यांना सात-आठ महिने मिळतात. खोडाला चुना, बुडाशी पाचटाचे आच्छादन, दुपारच्या बाजूने शेडनेट किंवा कडब्याचा आडोसा आणि पहाटे ठिबक. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी सोडू नये; संध्याकाळी ती सावरली तर मुळ्या ठीक आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर युरिया दिल्यास फुटणारी कोवळी पालवी करपते.

मग अडचण कुठे?

मातीत. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी डाळिंबाला छळते, तशीच अंजिरालाही. किंबहुना अंजीर तिला फारच लवकर बळी पडते. डाळिंब उपटून त्याच खड्ड्यात अंजीर लावणे म्हणजे जुने दुखणे नव्या झाडाला देणे. आधी माती तपासणे, सूत्रकृमी आढळल्यास झेंडूचे पीक घेणे आणि स्वच्छ मातीतील कलमेच आणणे, हे टाळता येणार नाही.

पुरंदरचा हिशेब इथे बसेल?

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील मीठा बहार उन्हाळ्यात येतो. नामपूरच्या एप्रिल-मेमध्ये मात्र फळ कडक सालीचे, कमी रसाचे निघण्याचा धोका आहे. हिवाळ्यातला खट्टा बहार सुरक्षित, पण गोडी कमी. शिवाय पिकलेले अंजीर साध्या हवेत दोन दिवसही धड टिकत नाही. डाळिंब कित्येक दिवस थांबते. पुरंदरला पुण्याची बाजारपेठ उशाशी आहे, नामपूरहून मुंबई रात्रभराची वाट. त्यामुळे अख्खे रान एकदम अंजिराखाली घालण्यापेक्षा एखाद्या ओळीवर दोन उन्हाळे पाहणे शहाणपणाचे. तोवर हरणबारी धरणाचे आवर्तन किती मिळते, हेही कळेल.